धाडस की सावधपणा? : गोल्फच्या खेळातील एक विचार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला ‘विद्यार्थ्यांना चार उपदेशाचे शब्द सांगा’ अशी आज्ञा केली. सारा जन्म शाळेत उपदेश करण्यात गेल्यामुळे त्या कामाचा मला सराव आहे. परंतु ऐकणाऱ्यांना त्याचा किती कंटाळा येतो, याचाही तितकाच अनुभव आहे. म्हणून आज मी उपदेश बाजूस ठेवून एका खेळाविषयी बोलणार आहे. तो खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी कधी खेळलेला नाही, मीही नाही. तो खेळ म्हणजे गोल्फ.

आपणांस आश्चर्य वाटेल. मलाही या खेळाविषयी पूर्वी फारसा आदर नव्हता. श्रीमंतांनी हिरवळीवर काठी घेऊन फिरण्याचा तो एक बहाणा आहे, अशीच माझी समजूत होती. माझे जावई सैन्यात आहेत. निवृत्तीनंतर काही दिवस त्यांच्या छावणीत राहण्याचा योग आला, तेव्हा ते मला आपल्याबरोबर मैदानावर घेऊन गेले. एका ठिकाणी समोर तळे होते आणि तळ्यापलीकडे निशाण फडकत होते. जावईबापूंचा टोला चांगला लांब जातो, हे मी तोपर्यंत पाहिले होते. परंतु तेथे त्यांनी मोठी काठी परत पिशवीत ठेवली, एक आखूड काठी काढली आणि चेंडू तळ्याच्या अलीकडेच हलकेच नेऊन ठेवला. मी विचारले, “तुमच्या हातात बळ असता असे का केलेत?” ते म्हणाले, “बाबा, आज वारा समोरून आहे. काल असता तर पलीकडे मारला असता.” त्या एका उत्तराने माझे कुतूहल जागे झाले. ज्या माणसाने काल धाडस केले असते, तोच आज सावध राहतो आणि त्यात त्याला काही विसंगती वाटत नाही! तेव्हापासून या खेळाच्या मोठमोठ्या सामन्यांच्या हकीकती वाचण्याचा आणि दूरदर्शन संचावर ते सामने पाहण्याचा मला छंद जडला.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. गोल्फच्या मैदानावर अठरा टप्पे असतात. त्या प्रत्येकास ‘होल’ म्हणतात. टप्प्याच्या आरंभापासून चेंडू टोलवीत न्यायचा आणि शेवटी गुळगुळीत कापलेल्या हिरवळीवरील लहानशा खळगीत घालायचा. कसलेल्या खेळाडूस त्यासाठी जितके टोले लागावेत, त्या संख्येस ‘पार’ म्हणतात. ही पार तीन, चार किंवा पाच अशी असते. वाटेत वाळूचे खड्डे, झाडी, उंच गवत, ओढे, तळी असे अडथळे मुद्दाम ठेवलेले असतात. चेंडू पाण्यात गेला तर एक टोला दंड. मोठ्या स्पर्धांत चार फेऱ्या, म्हणजे बहात्तर होल, खेळतात आणि ज्याचे एकूण टोले सर्वांत कमी, तो विजयी होतो. या खेळात प्रतिस्पर्धी आपल्या चेंडूस हात लावीत नाही, आपल्यास अडवीतही नाही. जे काही बरेवाईट होते, ते आपल्याच निर्णयाने आणि आपल्याच हाताने होते. हा खेळ स्कॉटलंडचा. परंतु आपल्या देशासही तो नवा नाही. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 सालचा आहे.

आता अवघड होल कसा असतो, ते पाहा. समजा, पार पाचचा एक लांब होल आहे आणि हिरवळीच्या पुढ्यात ओढा आहे. पहिला टोला चांगला गेला. आता दोन मार्ग उरतात. एक, सर्व शक्तीनिशी ओढ्यावरून थेट हिरवळ गाठण्याचा. साधला तर एक टोला वाचतो, चुकला तर चेंडू पाण्यात. दुसरा, ओढ्याच्या अलीकडे सपाट जागी चेंडू ठेवून पुढच्या टोल्यास हिरवळीवर जाण्याचा. या दुसऱ्या मार्गास ते लोक ‘ले-अप’ म्हणतात. आपण त्यास ‘अलीकडचा थांबा’ म्हणू या.

मी गणिताचा शिक्षक होतो, म्हणून फळ्यावर एक काल्पनिक उदाहरण मांडतो. एका खेळाडूने धाडसाचा मार्ग दहा वेळा पत्करला. पाच वेळा तो साधला व प्रत्येकी चार टोले लागले. तीन वेळा चेंडू काठावर अडकून पाच लागले. दोन वेळा पाण्यात जाऊन सात लागले. वीस, पंधरा आणि चौदा मिळून एकूण एकोणपन्नास. त्यानेच सावध मार्ग दहा वेळा पत्करला. दोन वेळा चार, सात वेळा पाच आणि एकदा सहा टोले लागले. आठ, पस्तीस आणि सहा. बेरीज पुन्हा एकोणपन्नास! म्हणजे सरासरीच्या हिशेबाने दोन्ही मार्ग सारखेच. मग निवड कशावरून करावयाची? ती गरजेवरून करावयाची. जिंकण्यासाठी चारच टोल्यांत होल पुरा करणे भाग असेल, तर धाडसाने दहांत पाच संधी आहेत, सावधपणाने दोनच. उलट, सहा टोले लागले तरी विजय आपलाच, अशी स्थिती असेल तर सावध मार्गात दहांपैकी एकदाही नुकसान नाही आणि धाडसात दोनदा सर्वनाश आहे. या हिशेबात शूर आणि भित्रा हे शब्द कोठेच आले नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

आता घडलेल्या गोष्टी सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात विंग्ड फूट नावाचे एक जुने, कठीण मैदान आहे. 1959 साली तेथे अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धा झाली. त्या मैदानावरील तिसरा होल पार तीनचा, परंतु 216 यार्ड लांब. हिरवळ अरुंद, दोन्ही बाजूंस खोल बंकर म्हणजे वाळूचे खड्डे. पहिल्याच टोल्यात हिरवळ गाठावी, अशी रीत. किंबहुना तसे न करणे हे कमीपणाचे मानले जाई. बिली कॅस्पर नावाच्या खेळाडूने मनाशी निराळा विचार केला. त्याने चारही फेऱ्यांत त्या होलवर चेंडू मुद्दाम हिरवळीच्या अलीकडे टाकला, दुसऱ्या टोल्याने तो खळगीजवळ नेला आणि तिसऱ्याने आत घातला. चार फेऱ्यांत चार वेळा पार. त्याने ती स्पर्धा जिंकली, तीही केवळ एका टोल्याने! येथे एक गोष्ट विसरता कामा नये. कॅस्परला अलीकडे थांबणे परवडले, याचे कारण हिरवळीवरच्या छोट्या टोल्यात त्याचा हात विलक्षण सिद्ध होता. ज्याचा छोटा टोला कच्चा आहे, त्याला हा सावधपणा लाभला नसता. सावधपणालाही कौशल्याची पुंजी लागते.

ही परंपरा जुनीच राहिली, असे नव्हे. 2007 साली ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत झॅक जॉन्सन या खेळाडूने पार पाचचे सर्व होल असेच खेळले. चार दिवसांत असे सोळा होल झाले. एकदाही त्याने दोन टोल्यांत हिरवळ गाठण्याचा प्रयत्न केला नाही. तरीही त्या सोळा होलांवर मिळून त्याला पारपेक्षा अकरा टोले कमी लागले. टायगर वुड्ससारखा बलाढ्य खेळाडू त्या स्पर्धेत त्याच्या मागे राहिला.

हे ऐकून पालक मंडळी मनातून सुखावली असतील! ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हेच गुरुजी सांगत आहेत, असे त्यांना वाटले असेल. म्हणून आता दुसरी बाजू सांगतो.

1960 साली हीच राष्ट्रीय स्पर्धा डेन्व्हर शहराजवळ चेरी हिल्स येथे झाली. अर्नोल्ड पामर हा त्या काळचा लोकांचा लाडका खेळाडू. तीन फेऱ्या संपल्या तेव्हा तो आघाडीच्या खेळाडूहून सात टोल्यांनी मागे होता आणि चौदा जण त्याच्या पुढे होते. तेथील पहिला होल पार चारचा, 346 यार्डांचा. पहिल्याच टोल्यात त्याची हिरवळ गाठण्याचा प्रयत्न पामरने पहिल्या फेरीतही केला होता. तेव्हा चेंडू ओढ्यात जाऊन त्याला सहा टोले लागले होते. शेवटच्या फेरीत त्याने पुन्हा तोच टोला मारला. या वेळी चेंडू थेट हिरवळीवर गेला. पहिल्या सात होलांपैकी सहांवर त्याने पारहून एक टोला कमी घेतला, फेरी 65 टोल्यांत पुरी केली आणि स्पर्धा दोन टोल्यांनी जिंकली. विचार करा, सात टोल्यांनी मागे असलेल्या माणसास सावधपणे खेळून काय मिळाले असते? फार तर पाचवा-सहावा क्रमांक. त्याला गमावण्यासारखे थोडे होते आणि मिळविण्यासारखे सर्व काही होते. त्याचे धाडस हा हिशेबच होता.

परंतु या कथेचा उत्तरार्ध फार बोधप्रद आहे. सहा वर्षांनी, 1966 साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिम्पिक क्लबच्या मैदानावर हीच स्पर्धा झाली. अखेरच्या फेरीत नऊ होल उरले असता पामर सात टोल्यांनी पुढे होता. मागे कोण होता? तोच, विंग्ड फूटचा बिली कॅस्पर! स्पर्धेत एकूण 276 टोल्यांचा उच्चांक बेन होगन याने 1948 साली केला होता. तो मोडण्याचे पामरच्या मनात आले. विजय जणू हाती आलाच होता. आता कीर्तीची ओढ लागली. तो निशाणावर थेट टोले मारीत राहिला. पंधराव्या होलवर दोन टोल्यांची आघाडी गेली, सोळाव्यावर आणखी दोन गेले, सतराव्यावर उरलेला एकही गेला. चार दिवसांचा खेळ बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत कॅस्परने 69 विरुद्ध 73 अशा टोल्यांनी विजय मिळविला.

माणूस तोच, स्वभाव तोच, हातातील बळही तेच. सात टोल्यांनी मागे असताना जे धाडस त्याच्या कामी आले, सात टोल्यांनी पुढे असताना तेच त्याला नडले. स्वभाव बदलत नाही, स्थिती बदलते. आणि निर्णय स्थितीस विचारून घ्यावयाचा असतो.

आता तिसरी हकीकत. तिच्यातील नायकाविषयी माझ्या मनात कणव आहे. 1999 साली स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे ब्रिटनची खुली स्पर्धा झाली. झाँ व्हान द व्हेल्ड हा फ्रेंच खेळाडू शेवटच्या, बहात्तराव्या होलवर आला तेव्हा तीन टोल्यांनी पुढे होता. होल पार चारचा, 487 यार्डांचा. बॅरी बर्न नावाचा ओढा त्यास आडवा येतो. त्याला सहा टोले लागले तरी विजय त्याचाच होता. तरीही त्याने सर्वांत लांब पल्ल्याची काठी घेतली. चेंडू उजवीकडे भरकटला, पण नशिबाने कोरड्या जागी पडला. येथे दैवाने त्याला दुसरी संधी दिली होती. छोट्या टोल्याने चेंडू ओढ्याच्या अलीकडे मोकळ्या जागी आणावा, पुढे हिरवळीवर जावे, एवढेच करावयाचे होते. त्याने हिरवळीच्या दिशेने जोराचा टोला मारला. चेंडू प्रेक्षकांच्या मंचाच्या कठड्यावर आपटला, उलटा येऊन उंच गवतात पडला. तिसरा टोला ओढ्यात. बूट-मोजे काढून तो पाण्यात उतरला. तेथून खेळणे अशक्य आहे हे पाहून दंडाचा टोला पत्करला. पाचवा टोला वाळूत. सहाव्याने तो हिरवळीवर आला आणि सातव्याने चेंडू खळगीत गेला. स्पर्धा बरोबरीत आली आणि चार होलांच्या निर्णायक खेळात पॉल लॉरी विजयी झाला. हा लॉरी त्या दिवशी सकाळी दहा टोल्यांनी मागे होता!

लोक हसले, आजही हसतात. मला हसू येत नाही. पहिली चूक कोणाच्याही हातून होते. खरा प्रश्न दुसऱ्या टोल्याचा आहे. एकदा भरकटल्यावर अभिमान बाजूस ठेवून चेंडू मोकळ्या जागी आणणे, हे गोल्फमध्ये कठीण आहे आणि संसारात त्याहून कठीण आहे. चूक झाकण्यासाठी मारलेला टोला बहुधा पहिल्या चुकीहून महाग पडतो. त्याच विंग्ड फूट मैदानावर 2006 साली फिल मिकेल्सन या नामवंत खेळाडूचे असेच झाले. शेवटच्या होलवर केवळ पार केली असती तर राष्ट्रीय विजेतेपद त्याचे होते. त्या दिवशी त्याचा लांब टोला सतत भरकटत होता. तरी त्याने तीच काठी घेतली. चेंडू डावीकडे तंबूंकडे गेला. तेथून मोकळ्या जागी येण्याऐवजी त्याने पुढेच मारले, चेंडू झाडावर आदळला. सहा टोले लागले आणि जेफ ओगिल्व्ही एका टोल्याने विजेता ठरला. मिकेल्सनने त्याच दिवशी आपला मूर्खपणा स्वतःच्या तोंडाने कबूल केला, हे मात्र त्यास भूषणावह होय.

या सर्व हकीकतींतून मला चार प्रश्न सापडले. टोला मारण्यापूर्वी ते स्वतःस विचारावेत. पहिला : फसलो तर नक्की काय जाईल, आणि गेलेले परत मिळविता येईल काय? दुसरा : साधले तर नक्की काय मिळेल, आणि मला त्याची गरज आहे काय? तिसरा : हा टोला माझ्या आजच्या हाताला जमतो काय? कधी काळी एकदा जमला होता, हे उत्तर नव्हे. चौथा : हा निर्णय मी घेत आहे, की भोवतालच्या प्रेक्षकांसाठी घेत आहे? आणि एकदा ठरले की मन द्विधा ठेवू नये. अर्ध्या मनाने मारलेला धाडसाचा टोला पाण्यात जातो आणि अर्ध्या मनाने मारलेला सावध टोलाही भरकटतो.

आता आपल्या घरातील गोष्ट. दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या प्रत्येक कुटुंबात असा एक होल समोर येतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक विद्यार्थी माझ्याकडे सल्ल्यासाठी आला. गणितात त्याला विलक्षण गती होती. गणिताच्या उच्च शिक्षणासाठी एका कठीण प्रवेशपरीक्षेस बसावे, त्यासाठी एक वर्ष अभ्यासाला द्यावे, अशी त्याची इच्छा होती. हाती तंत्रनिकेतनातील जागा आलेली होती. मी म्हणालो, “हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नकोस.” त्याने माझे ऐकले. आज तो एका कारखान्यात चांगल्या पदावर आहे, घरदार सुखी आहे. चार वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला तेव्हा मला नमस्कार करून म्हणाला, “गुरुजी, तेव्हा फार तर एक वर्ष गेले असते, एवढेच ना?” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले. वडिलांची नोकरी होती, डोक्यावर कर्ज नव्हते, वय अठरा. त्याच्या समोर ओढाच नव्हता! ओढा माझ्या मनात होता. गरिबीत वाढल्यामुळे मला सर्वत्र पाणी दिसते. माझ्या भीतीचा सल्ला मी त्याला दिला. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणतात, तो ब्रह्मराक्षस मी एका निर्भय मुलाच्या पाठीस लावून दिला.

याच्या उलटही पाहिले आहे. परिचयातील एका गृहस्थांनी, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, घरची बागायती जमीन विकून मुलास महागड्या शुल्काच्या जागेवर घातले. मुलाचे मन त्या विद्येत नव्हते. तो दोन वर्षांत परतला. मुलगा आज दुसऱ्या व्यवसायात स्थिर झाला, ही देवाची कृपा. परंतु जमीन परत आली नाही. त्या गृहस्थांना मी एकदा विचारले, “इतकी घाई का केलीत?” ते म्हणाले, “गुरुजी, भावकीत सर्वांची मुले गेली होती.” म्हणजे तो टोला प्रेक्षकांसाठी मारलेला होता.

पहिल्या ठिकाणी गेले असते ते एक वर्ष, आणि आम्ही थांबलो. दुसऱ्या ठिकाणी जाणार होती ती पिढ्यांची जमीन, आणि ते थांबले नाहीत. दोन्ही घरांनी आपापला ओढा नीट पाहिला असता, तर निर्णय कदाचित उलट झाले असते.

विद्यार्थी मित्रांनो, धाडस करा असे मी सांगत नाही आणि सावध राहा असेही सांगत नाही. वारा कोठून आहे ते पाहा, आपल्या हातातील बळ ओळखा आणि मग काठी निवडा. आणि पालकहो, एक विनंती. टोला मुलास मारावयाचा आहे. आपण त्याची पिशवी वाहावी, अंतर सांगावे, ओढा कोठे आहे ते दाखवावे. परंतु काठी त्याच्या हातून हिसकावून घेऊ नये. आणि चेंडू भरकटलाच, तर त्यास रागावण्यापूर्वी मोकळ्या जागी परत येण्याची वाट दाखवावी. आपल्या मंडळाचा शिष्यवृत्ती निधी अशाच मोकळ्या जागेसारखा आहे. ज्याचे एक वर्ष वाया गेले, अशा विद्यार्थ्याचा अर्जही समितीने आपुलकीने वाचावा, अशी माझी अध्यक्षमहाराजांस नम्र सूचना आहे.